एकत्र की वेगवेगळं

त्या दोघी जन्मल्या त्या दिवशी सकाळी अकराला मला फोन आला: जुळ्या मुली, सत्ताविसावा आठवडा, आई बेशुद्ध, बाप वाटेत. मी संमतीपत्रांची फाईल उचलली आणि निघाले.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी तेव्हा 'स्टडीची सिस्टर' होते. आधी नऊ वर्षं साधी सिस्टर होते. बाळांच्या नळ्या बदलायच्या, दूध थेंबाथेंबाने सोडायचं, श्वास विसरलेल्या बाळाच्या तळपायाला टिचकी मारायची. मग मोठ्या डॉक्टरांनी एक अभ्यास सुरू केला आणि मला त्यात ओढलं. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत पहिल्या काही दिवसांत रक्तस्राव होतो. तो टळावा म्हणून एक औषध वापरून बघायचं होतं. अर्ध्या बाळांना औषध, अर्ध्यांना नुसतं सलाईन. बाटल्या सारख्याच, वर फक्त नंबर. कुणाला काय जातंय ते डॉक्टरांना माहीत नाही, मला नाही, आईबापांना नाही. सगळं कॉम्प्युटर ठरवणार.

माझं काम होतं सही आणायचं. जन्मल्यापासून सहा तासांच्या आत. त्या सहा तासांत आई बहुतेक वेळा भुलीत असते, म्हणून सही करतो बाप. व्हरांड्यात उभा, चपला उलटसुलट घातलेल्या, आणि अजून त्याला मुलगा की मुलगी हेही कुणी सांगितलेलं नसतं. अशा माणसाला आठ पानं समजावून सांगायची. इतर सिस्टर दहातल्या पाच जणांकडून सही आणायच्या. मी आठ जणांकडून आणायचे. माझा आवाज मऊ आहे, लोकांचा विश्वास बसतो.

या मुलींचा बाप काच कापणारा होता. आरसे, खिडक्या, दुकानांची दारं. कामावरून तसाच धावत आला होता. हातांवरच्या केसांत काचेचा चुरा चमकत होता. मी त्याला दोनदा कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि मग मुली दाखवल्या. एक नऊशे वीस ग्रॅम, दुसरी सातशे साठ. दोघी काचेच्या पेटीत. तो पेटीकडे बघत म्हणाला, "काच चांगली आहे." दुसरं काही सुचलं नाही त्याला.

नावं ठेवलेली नव्हती. आमच्या विभागात बिननावाची बाळं ठेवत नाहीत, हाका मारायला अडचण होते. थोरलीला मी म्हटलं मूठ, कारण ती माझं बोट धरून सोडत नव्हती. धाकटी चिमटी. बापाला ती नावं आवडली. पुढे कागदोपत्री दुसरी नावं लागली, पण घरात हीच चिकटली.

संमतीपत्रात जुळ्यांसाठी एक वेगळा चौकोन होता. दोघांना एकाच प्रकारची बाटली द्यायची की दोघांचं वेगवेगळं? ते आईबापांनी ठरवायचं. आम्ही त्यात तोंड घालायचं नाही.

"म्हणजे कसं?" त्याने विचारलं.

"एकत्र म्हटलंत तर दोघींना औषध मिळेल, नाहीतर दोघींना सलाईन. वेगवेगळं म्हटलंत तर एकीला औषध, एकीला सलाईन."

"औषध चांगलं आहे?"

"तेच तर शोधतोय."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नाही."

तो भिंतीला टेकला. "आमच्याकडे मोठा माल असला की सगळी काच एका गाडीत भरत नाही," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःलाच हटकलं. "पण ही काच नाही."

त्याने तीनदा वाचलं. तीनदा तोच प्रश्न विचारला. घड्याळ पुढे चाललं होतं, चार तास चाळीस मिनिटं झाली होती, औषधखान्यातून दोनदा फोन येऊन गेला होता.

"सिस्टर, तुमच्या मुली असत्या तर तुम्ही काय केलं असतं?"

याला उत्तर द्यायचं नसतं. आमच्या प्रशिक्षणाच्या पहिल्याच पानावर ते लिहिलेलं होतं. "हे मी सांगू शकत नाही" एवढंच म्हणायचं.

मी म्हटलं, "मी वेगवेगळं केलं असतं."

डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा त्याचा चेहरा झाला. त्याने ताबडतोब खूण केली, सही केली. पेन परत देताना माझ्या हाताला त्याचा हात लागला, घामाने थंड होता. मी आवाज खाली आणला.

"मी असं म्हटलं हे कुणाला बोलू नका. माझी नोकरी जाईल."

"नाही बोलणार," तो म्हणाला.

आणि तो बोलला नाही.

चौथ्या दिवशी मुठीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. आमचं सगळ्यांचं लक्ष चिमटीकडे होतं, कारण ती बारीक. चिमटी आज जाते की उद्या, असं चाललं होतं. मूठ धडधाकट म्हणून कोपऱ्यात. सकाळच्या सोनोग्राफीत पडद्यावर जिथे काळं दिसायला हवं तिथे पांढरं दिसलं, आणि तपासणारा डॉक्टर बोलायचा थांबला. दोन्ही बाजूंना होता, उजवीकडे जास्त.

त्याच दिवशी आईला पहिल्यांदा चाकांच्या खुर्चीतून आणलं. ती बसस्थानकावर घोषणा करायची. 'फलाट क्रमांक चारवरून सुटणारी गाडी' म्हणणारा तो आवाज गावातल्या प्रत्येकाने ऐकलेला होता. बाई तोंड उघडायची आणि लोक वळून बघायचे, की ही कोण ओळखीची. मोठ्या डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग नवऱ्याने अभ्यासाचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं, कायदा होता तसा.

"तू वाटणी केलीस?" ती म्हणाली. "मुलींची?"

"तसं नाही..."

"एकीला औषध, एकीला पाणी. आणि हे तू ठरवलंस."

तो माझ्याकडे बघत नव्हता. मी चिमटीच्या नळीचा पट्टा सारखा करत होते. तो आधीच सारखा होता.

"कुणाला काय मिळालं ते कुणालाच माहीत नाही," मी म्हणाले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "दिसतंय की."

तिने त्या क्षणी ठरवलं ते ठरवलं. चिमटीला औषध मिळालं, मुठीला पाणी.

तीन महिन्यांनी दोघी घरी गेल्या. चिमटी दीड वर्षाची असताना चालली, दोन वर्षांची असताना वाक्यं बोलायला लागली. मूठ चालली नाही. तिचा डावा हात कोपरात दुमडला आणि बोटं मिटली ती मिटलीच. अंघोळ घालताना ती एकेक करून उघडावी लागायची. मी ठेवलेलं नाव असं खरं झालं. आईसमोर मी ते घ्यायचं सोडलं. बाप मात्र घ्यायचा, आणि मुद्दाम मोठ्याने घ्यायचा, असं मला वाटायचं.

वर्षातून दोनदा माझा त्यांच्याशी संबंध यायचा. एकदा त्या दोघी इस्पितळात चाचणीला यायच्या, एकदा मी घरी जायचे. जिना चढते का, चमचा धरते का, किती शब्द बोलते, असे एकशे चार प्रश्न. घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दुसऱ्याच भेटीत लक्षात आलं की घरात रेघ ओढलेली आहे. चिमटीचं दूध, कपडे, शाळा, गाणी आईकडे. मुठीचं सगळं बापाकडे. तो कामावरून आला नाही तर मूठ ओल्या कपड्यांत बसून राहायची. आई घरात असायची तरी.

"ही माझी, ती त्याची," तिने मला सरळ सांगितलं. "त्याने वाटणी केली ना? मग आपापला हिस्सा आपण सांभाळायचा."

"अहो, ती पण तुमचीच..."

"सिस्टर, तुम्ही प्रश्न विचारा. एकशे चार आहेत ना?"

सासूबाई मदतीला आल्या आणि तीन आठवड्यांत परत गेल्या. जिन्यात मला भेटल्या होत्या. "या घरात दोन कुटुंबं राहतात," म्हणाल्या, "आणि एकमेकांना जेवायलासुद्धा बोलवत नाहीत."

बाप सगळं ऐकून घ्यायचा. 'पाणी पाजणारा' हे त्याचं नाव पडलं होतं. ती पाहुण्यांसमोर म्हणायची, शेजाऱ्यांसमोर म्हणायची, मुलींसमोर तर रोज. "माझ्या हातात असतं तर दोघींना औषध दिलं असतं. याने एकीला पाणी पाजलं." तो मान खाली घालून मुठीला भरवत राहायचा. एकदा फक्त त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं. रागाने नव्हे. जणू विचारत होता, की ठीक चाललंय ना? मी माझ्या कागदावर काहीतरी खोडलं.

मध्ये एकदा आईने कळवलं की आता आम्ही येणार नाही. मी नऊ वेळा फोन केला. एक मूल अभ्यासातून गळलं की आकडे लंगडे होतात, आणि एवढ्या जुळ्यांमध्ये वेगवेगळ्या बाटल्यांची जुळी आमच्याकडे मोजकीच होती. मोठे डॉक्टर म्हणायचे, ही जुळी म्हणजे सोनं. मी तिला म्हटलं, "दोघी हव्यात हो. फरक दिसायला दोघी हव्यात."

ती फोनवर हसली. त्या स्वच्छ, सुंदर आवाजात हसली. "फरक? घरी या ना सिस्टर. रोज दिसतो."

पण आली. का आली तेही मला माहीत होतं. चाचणीच्या शेवटी आम्ही पालकांना गुणांचा कागद द्यायचो. चिमटीचा कागद ती कपाटाच्या दारावर लावायची. मुठीचा कागद बाप घडी करून पाकिटात ठेवायचा.

मुली पाच वर्षांच्या असताना मी घरी गेले, तर दार उघडंच होतं. आतल्या खोलीत चिमटीने मुठीला भिंतीला टेकवून बसवलं होतं. स्वतःच्या गळ्यात आईची ओढणी, माझ्या ओळखपत्राच्या पट्ट्यासारखी. हातात वही. समोर जमिनीवर एक पेला.

"आता या हाताने उचल," चिमटी म्हणाली. "तो नाही. हा. मी दहा मोजते."

मुठीने जीभ बाहेर काढून सगळं अंग पुढे लोटलं. मिटलेला हात पेल्यावर आपटला, पेला गडगडत गेला.

"नाही जमलं. शून्य." चिमटीने वहीत मोठं शून्य काढलं. हुबेहूब माझा आवाज. माझ्यासारखाच मऊ. "पुन्हा करायचं का, बाळा?"

"अजून," मूठ म्हणाली. तिला तीनच शब्द यायचे: बाबा, नको, अजून. ती हसत होती. तिला तो खेळ वाटत होता, बहीण आपल्याशी खेळतेय याचाच केवढा आनंद.

सात शून्यं झाल्यावर चिमटीला कंटाळा आला. "तुला पाणी मिळालं ना," ती म्हणाली, "म्हणून तू अशी. मला औषध मिळालं."

मी वळले. आई स्वयंपाकघराच्या दारात कपड्यांच्या घड्या घालत उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिने मुलीला हटकलं नाही.

"तुमच्याकडूनच शिकली," ती मला म्हणाली आणि हातातल्या फ्रॉकची घडी पुरी केली.

मी खुर्चीवर बसले आणि फॉर्म काढला. एकसष्टावा प्रश्न होता: भावंडांशी खेळते का? मी दोघींच्याही रकान्यात 'होय' लिहिलं.

सहावं वर्ष संपलं तसा अभ्यासाचा मुख्य भाग संपला. इस्पितळाच्या सभागृहात पालकांना बोलावलं. चहा, बिस्किटं, पुढे पडदा. आई आली नाही. बाप मुठीला कडेवर घेऊन आला. सहा वर्षांची मुलगी, पाय लोंबकळत. मागच्या रांगेत बसला.

मोठे डॉक्टर भले माणूस. बारा वर्षं त्यांनी या एका प्रश्नाला दिली होती. त्यांनी काही लपवलं नाही. "औषधाचा फायदा झाला नाही," ते म्हणाले. "उलट झालं. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात शंभरातल्या अठरा बाळांना मोठा रक्तस्राव झाला. ज्यांना नुसतं सलाईन मिळालं त्यांच्यात बारा जणांना. आता यापुढे या कामासाठी हे औषध कुठल्याच बाळाला दिलं जाणार नाही. हे आपल्याला तुमच्या मुलांमुळे कळलं."

कुणीतरी टाळी वाजवली. एकच. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले, "यावरून एकेका बाळाबद्दल काहीही ठरत नाही. सलाईनवाल्या बारांनाही झालाच की." पण ते ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. सगळे पाकिटांच्या टेबलाकडे निघाले होते. ज्याला हवं त्याला आपल्या मुलाचा बाटली-नंबर उघडून मिळणार होता, आईबाप दोघांच्या सह्या घेऊन. मुठीचा बाप एकटाच आला होता, म्हणून त्याला पाकीट देता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते त्यांच्या घरी घेऊन गेले. जेवणं नुकतीच उरकली होती. बापाने सभेतलं बायकोला सांगितलेलं नव्हतं, किंवा तिने विचारलं नव्हतं. तिने पदराला हात पुसले, पाकीट माझ्या हातातून घेतलं, फोडलं आणि मोठ्याने वाचलं. फलाटाचा क्रमांक वाचावा तसं.

"जुळं पहिलं, औषध. जुळं दुसरं, सलाईन."

"पहिलं कोण?" चिमटीने विचारलं.

बाप म्हणाला, "ताई. मूठ."

"म्हणजे पाणी मला?"

"तुला."

आणि तो हसायला लागला. मी त्याला सहा वर्षांत कधी असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. "सहा वर्षं," तो म्हणाला, "सहा वर्षं तू मला उठता-बसता पाणी पाजणारा म्हटलंस. ऐक आता. ते औषधच वाईट होतं. काल डॉक्टरांनी सांगितलं सगळ्यांसमोर. तुझ्या मनासारखं दोघींना औषध दिलं असतं ना, तर आज तुझी लाडकीही अशीच लोळागोळा होऊन बसली असती. माझ्या सहीने वाचली ती. माझ्या!" हे बोलताना त्याने मुठीकडे बोट दाखवलं. कडेवर घेऊन फिरणारा बाप, त्याने तिच्याकडे एखाद्या फुटक्या मालाकडे दाखवावं तसं बोट दाखवलं. मूठ त्याचा हसरा चेहरा बघून हसली.

बायको कागदाकडे बघत होती. तिने तो दोनदा वाचला असेल. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे औषध तिला तू घातलंस."

"मी?"

"सही कुणाची आहे? एकत्र म्हणाला असतास तर दोघींना पाणी मिळालं असतं. दोघी बऱ्या असत्या."

"नाहीतर दोघींना औषध! आणि तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"तुला नव्हतं ना माहीत? मग सही कशी केलीस?"

मी मध्ये पडले. एकेका बाळाबद्दल यातून काही ठरत नाही, हे वाक्य मी म्हटलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि मग तो माझ्याकडेच बघत राहिला.

"मी एकट्याने नाही ठरवलं," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "सहा वर्षं बोललो नाही. आता बोलतो. सिस्टर, सांगा तिला. मी तुम्हाला विचारलं होतं, तुमच्या मुली असत्या तर काय केलं असतं. तुम्ही काय म्हणाला होतात?"

नंतर बसथांब्यावर मला पुष्कळ कारणं सुचली. अभ्यासाचा शोधनिबंध पुढच्या महिन्यात छापायला जायचा होता. सिस्टरने सल्ला दिला असं कळलं तर मी आणलेली सगळी संमतीपत्रं पुन्हा उघडली असती, बारा वर्षांचं काम चौकशीत गेलं असतं, आणि ते औषध कुठेतरी कुणीतरी बाळांना देत राहिलं असतं. सगळी कारणं खरी. पण त्या खोलीत यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. त्या खोलीत मी फक्त घाबरले होते.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

"आठवत नाही?"

"सहा वर्षं झाली. इतकी कुटुंबं येतात. आणि सल्ला द्यायची आम्हाला परवानगीच नसते."

त्याचं तोंड उघडं राहिलं. वाटलं, आता ओरडेल, अंगावर येईल. तसं काही झालं नाही. त्याने तोंड मिटलं, खुर्चीवर बसला आणि हाताच्या पंज्यांकडे बघायला लागला.

"वा," बायको म्हणाली. "आता सिस्टरवर ढकल."

चिमटी तोवर मुठीजवळ गेली होती. तिने बहिणीचा चांगला हात धरून गदागदा हलवला. "तुला औषध मिळालं होतं," ती ओरडत होती. "मग तू बरी का नाही झालीस? का नाही झालीस?"

"अजून," मूठ म्हणाली.

पाकीट मिळाल्याच्या पावतीवर मी दोघांच्या सह्या घेतल्या. जिथे बोट ठेवलं तिथे दोघांनी केल्या. मग जिना उतरले.

महिनाभरात तो मुठीला घेऊन काचेच्या कारखान्यामागच्या खोलीत राहायला गेला. मला कळलं ते पत्त्याचा रकाना बदलायची वेळ आली तेव्हा. एका घरचे दोन पत्ते झाले.

थोड्या दिवसांनी ती इस्पितळात आली. जेवणाच्या सुटीत, स्थानकाच्या गणवेशात. माझ्या टेबलासमोर उभी राहिली, बसली नाही.

"तो खरं बोलत होता ना?"

मी समोरची फाईल मिटली.

"त्याला खोटं बोलताच येत नाही, सिस्टर. मी तेव्हाच ओळखलं. तुमचे कान लाल झाले होते."

"मग तुम्ही..." मी उठून उभी राहिले. "मग तुम्ही त्याला जाऊ का दिलंत?"

"तुम्ही वर्षातून दोनदा येता," ती म्हणाली. "तुमच्यावर राग धरून मी काय करणार? राग धरायला माणूस घरातलं लागतं."

"मी जाऊन सांगते त्याला. आजच सांगते. तुम्हा दोघांसमोर सांगते."

"काही नको." तिने पर्स खांद्यावर नीट घेतली. "तुम्ही सांगितलंत तर तो परत येईल. तिला घेऊन येईल. आता घर कसं स्वच्छ आहे. रात्री झोप लागते. चिमटी वर्गात दुसरी आली." दारापर्यंत जाऊन ती वळली. "चिमटीची पुढची चाचणी कधी आहे?"

मी गेले नाही. त्याला सांगायला मी कधीच गेले नाही. आईनेच नको म्हटलं, ही ढाल मला फार सोयीची होती. अजूनही आहे.

निबंध छापून आला. शेवटी एक ओळ होती, सहभागी कुटुंबांचे आभार. ते औषध आमच्या विभागातून गेलं, मग बाकीच्या इस्पितळांतूनही गेलं. आज सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आलं तर त्याला ते कुणी देत नाही, आणि काही बाळं त्यामुळे धड घरी जातात. कुठली, ते कुणाला सांगता येणार नाही. त्यांच्या आईबापांनाही ते ठाऊक नसतं.

मला बढती मिळाली. नव्या सिस्टरांना संमती कशी घ्यायची ते मी शिकवते. "समजा बाप म्हणाला, तुमचं मूल असतं तर? काय उत्तर द्याल?" पोरी एका सुरात म्हणतात, "हे आम्ही सांगू शकत नाही." मी मान हलवते आणि पुढचं पान उघडते.

अभ्यासाला दहाव्या वर्षापर्यंत मुदतवाढ मिळाली आहे, प्रश्न आता फोनवरच विचारायचे. मुली आता नऊ वर्षांच्या आहेत. चिमटीची माहिती आई फोनवर झरझर सांगते, विचारायच्या आधीच. मग मी कारखान्यामागच्या खोलीचा नंबर लावते. तो उचलतो. 'हॅलो' म्हणतो. माझा आवाज ऐकला की पुढे काही बोलत नाही, फोन मुलीच्या कानाला लावतो आणि कामाला लागतो. मागे काचेवर चाललेलं कापण्याचं हत्यार ऐकू येतं. मूठ फोनमध्ये श्वास घेत असते. कधी हसते. मी सगळे प्रश्न विचारते, नियमच आहे तसा. जिना चढते का? बटण लावते का? नवीन शब्द किती? एकशे चार प्रश्न होईपर्यंत ती फोन धरून असते. मग मी ठेवते, आणि प्रत्येक रकान्यात लिहिते: माहिती मिळाली नाही.